माराच्या शब्दांचा अंक

आमच्या सांगलीच्या कॉलेजातलं विद्यार्थ्यांचं नियतकालिक मारामारीनं बंद पडलं होतं, आणि मी ते पुन्हा सुरू केलं तेही मारामारी करूनच. मी मूळची साताऱ्याची. तापट म्हणून घरात आणि गल्लीत नाव काढलेली. एम. ए. करायला सांगलीत मामाकडे राहायला आले, तेव्हा आईनं मामाला पत्र लिहून कळवलं होतं की पोरगी अभ्यासाला बरी आहे, पण हिच्या नादी लागू नका. मामा ते पत्र आल्यागेल्याला वाचून दाखवायचा.

अंक बंद पडून चार वर्षं झाली होती. शेवटच्या अंकात कुणीतरी निवडणुकीतल्या दांडगाईवर कविता लिहिली. ज्याच्यावर लिहिली त्याला कविता कळली, हेच एक नवल. त्याच्या पोरांनी ग्रंथालयासमोर अंकांचा ढीग घातला आणि पेटवून दिला. संपादक विझवायला धावला तर त्याला खाली पाडून तोंडावर टाचा दिल्या. समोरचे दोन दात गेले. त्यानंतर अंकच नको असं ठरलं. टाचा देणारे मात्र पदव्या घेऊन, हारबीर घालून घरी गेले. हे मला कळलं त्या दिवशी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच प्राचार्यांच्या खोलीत शिरले आणि अंक आम्ही काढणार म्हणून सांगितलं. कटकट नको म्हणूनच त्यांनी हो म्हटलं असावं. कपाटाची किल्ली दिली. कपाटात जुने अंक होते, कडा जळून काळ्या झालेले. हातात घेतला की कडेचा चुरा साडीवर पडायचा.

मराठीचे सर आमचे सल्लागार. त्यांनी एकच अट घातली. अर्धा अंक कथाकवितांचा असला तरी अर्धा अभ्यासाचा पाहिजे, आणि अभ्यासाच्या लेखात, कुणाकडून काय मिळालं ते लिहिलंच पाहिजे. पुस्तकातून घेतलं तर पुस्तकाचं नाव, माणसाकडून घेतलं तर माणसाचं नाव, वय, गाव. ते न लिहिणं म्हणजे चोरी, असं ते टेबलावर बोट आपटून सांगायचे. मला ते इतकं पटलं की मीही तसंच बोट आपटायला लागले.

लेख येईनात. कविता पोत्यानं आल्या. सगळ्या चंद्राच्या. मी चिडून वर्गात उभी राहिले आणि म्हटलं, तुमच्यापैकी एकालाही चंद्राखाली काय चालतं ते दिसत नाही का? पोरं हसली. मागच्या बाकावरचा एक जण हसला नाही. विट्याच्या पलीकडच्या दुष्काळी पट्ट्यातला, सडपातळ, वर्गात कधी तोंड न उघडणारा. दुसऱ्या दिवशी त्यानं एक वही आणून माझ्यासमोर ठेवली.

वहीत माराचे शब्द होते. त्रेचाळीस. त्याच्या गावात मारण्याला जे जे म्हणतात ते सगळं, अर्थासकट. धपाटा उघड्या हाताचा आणि पाठीवरच, त्याचा आवाज मोठा आणि लागतं कमी. रट्टाही पाठीवर, पण आवाज नाही आणि श्वास अडकतो. गुद्दा मुठीचा. मुस्काटात आणि कानफटात यात चार बोटांचा फरक, पण कानफटात बसली की दिवसभर कानात भुंगा. मग मोठे शब्द होते. बडवणं, झोडणं, कुटणं, धोपटणं, तिंबणं, फोडून काढणं. आणि शेवटी त्यानं अगदी कोरडेपणानं दोन ओळी लिहिल्या होत्या. गावात कणसं बाई बडवते, मसाला बाई कुटते, धुणं बाई धोपटते, कणीक बाई तिंबते, दुष्काळी कामावर खडीही बाईच फोडते. तिला मारायचं तर शब्द तिच्याच कामातनं उचलतात.

मी ती वही उभ्यानंच वाचून काढली. माझ्या घरी कुणी कुणावर हात उगारत नव्हतं असं नाही, पण आमच्याकडे त्याला शब्द नव्हते, नुसतं दार लावलं जायचं. मी त्याला विचारलं, हे एवढं कुठून गोळा केलं? तो म्हणाला, आईकडनं. वडील फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. त्या गावात घरटी एक माणूस फौजेत, पण नुसतं ‘हवालदार’ म्हणून हाक मारावी असा एकच, ते त्याचे वडील. आणि म्हणून त्याच्या आईला सगळा गाव हवालदारीण म्हणतो. त्यानं सुट्टीत आईजवळ चुलीपुढं बसून एकेक शब्द विचारला होता. तिनं सांगताना कुठं कुठं पदर बाजूला करून खूण दाखवली होती. हे तो पावसापाण्याचं सांगावं तसं सांगत होता.

वहीच्या शेवटी सरांच्या नियमाप्रमाणे लिहिलं होतं, माहिती देणारी, आणि पुढं बाईचं एक नाव, वय, गाव. लेखकाचं नाव नव्हतं. स्वतःच्या जागी त्यानं फक्त ‘एम. ए. भाग एक’ एवढंच घातलं होतं. तो म्हणाला, “माझं नाव नको. वडील पेपर वाचत्यात. आईचं र्‍हाऊ द्या, त्या नावानं काय बिघडत न्हाई. मलासुदिक ते आत्ताच कळलंय.” त्यानं असं स्पष्ट सांगितलं होतं. मी ऐकलं, पण डोक्यात घेतलं नाही. माझं डोकं तेव्हा दुसऱ्याच भांडणात होतं.

ते भांडण आमच्या विद्यार्थी प्रतिनिधीशी होतं. कृष्णाकाठचा, उसाच्या रानाचा मालक, तालमीत घुमून कान चुरगळलेला पैलवान गडी. अंक निघतोय म्हटल्यावर पहिल्या पानावर त्याचा फोटो आणि खाली त्याचा संदेश पाहिजे होता. मी म्हटलं, संदेश लिहून आणा, चुका काढून देते. फोटो छापायला ही काय लग्नपत्रिका आहे? हे मी व्हरांड्यात, पंधरा पोरांपुढं म्हटलं. तो नुसता बघत राहिला. त्याचं ते बघणं मला तेव्हा मूर्खपणाचं वाटलं. मूर्ख मीच होते.

छापखाना गावभागात, एका बोळात. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे म्हातारे गृहस्थ पायात चप्पल न घालता काम करायचे, खाली पडलेला खिळा पायाला लागावा म्हणून. माराच्या शब्दांची पानं त्यांनीच जुळवली. जुळवताना मान हलवायचे, आणि मध्येच थांबून स्वतःच्या गावचा एखादा शब्द सांगायचे. मी आणि तो वहीवाला पोरगा तिथं दुपारभर मुद्रितं तपासत बसायचो. तो मला ‘संपादक’ म्हणायचा, आवं संपादक, हितं ‘ण’चा ‘न’ झालाय बगा. त्या वासात, शाईत, रॉकेलात माखलेले ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते.

एका दुपारी पैलवान आला, बरोबर पाच-सहा जण. पहिल्यांदा त्यांनी फळ्यांवरच्या खिळ्यांच्या पेट्या उलथल्या. हजारो खिळे फरशीवर सांडले, वेलांट्या, काने, मात्रा, सगळं एकात एक. म्हातारे हात जोडून मध्ये आले तर त्यांना ढकलून दिलं, ते यंत्रावर आपटले. मग खिळे जुळवून, दोऱ्यानं बांधून तयार ठेवलेली आमची पानं एकानं उचलली आणि जमिनीवर आदळली. मी आमच्या गल्लीतल्या भांडणातसुद्धा वापरणार नाही अशी शिवी दिली आणि खिळे भरून ठेवायचं पितळी ताट उचलून पैलवानाच्या तोंडावर घातलं. त्याची भुवई फुटली. रक्त डोळ्यात गेलं तसा तो आंधळ्यासारखा हात फिरवायला लागला. माझा हात परत वर गेला होता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. तेवढ्यात त्यांच्यातल्या एकानं पानं आवळायची लोखंडी चौकट उचलून माझ्या डोक्यावर टाकली, आणि हा सडपातळ पोरगा मध्ये आला. चौकट त्याच्या टाळूवर बसली. तो गुडघ्यावर बसला, मग पालथा झाला, खिळ्यांतच. उचलला तेव्हा त्याच्या गालात ‘ळ’ रुतला होता.

रक्त बघून ते पळाले. टाळूला नऊ टाके पडले. डॉक्टरांनी पंधरा दिवस वाचायचं नाही, लिहायचं नाही म्हणून बजावलं. तो वसतिगृहावर डोळ्यांवर फडकं घेऊन पडून राहिला. इकडं म्हाताऱ्यांनी मोडलेली पानं परत पहिल्यापासून जुळवली, एकेक खिळा फरशीवरून वेचून. अंक काढायचाच, आणि ठरल्या दिवशीच काढायचा, असं मी भूत लागल्यासारखं म्हणत होते. शेवटची मुद्रितं मी एकटीनं तपासली.

आणि तिथं मला त्याच्या आईचं नाव दिसलं. मी थांबले. अंक पोरांच्या हातात जाणार. पैलवानाच्या टोळीच्याही जाणार. माराच्या यादीखाली एका घरंदाज बाईचं नाव असं उघड्यावर टाकायचं? उद्या कुणी ते नाव घेऊन चेष्टा केली तर? त्या माउलीला लपवायला हवं असं मला वाटलं. पण सरांचा नियमही मोडायचा नव्हता. मी लाल शाईनं त्याच्या वहीतलं नाव खोडलं, मुद्रितातलंही खोडलं, आणि समासात लिहिलं, ‘माहिती देणारी : हवालदारीण’. पुढं गाव तसंच. मानाचं वाटलं मला ते. नावही बाहेर गेलं नाही आणि नियमही राहिला. मी स्वतःवर खूश झाले. त्याला विचारायला वसतिगृहावर गेले नाही. मुलांच्या वसतिगृहावर मुलीनं जायची पद्धत नव्हती, हे खरं, पण चिठ्ठी पाठवता आली असती.

अंक निघाला. सरांनी वर्गात तो लेख मोठ्यानं वाचला. प्राचार्यसुद्धा दोन शब्द चांगले बोलले. पैलवान भुवईवर पट्टी लावून हिंडत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. मी जिंकले होते. डोक्याला पांढरी पट्टी बांधून तो वर्गात आला तेव्हा मी अंक त्याच्या हातात दिला. त्यानं मागचं पान उघडलं, शेवटची ओळ वाचली आणि उभ्या जागी त्याच्या तोंडाचा रंग उतरला. दप्तर तिथंच टाकून विट्याच्या गाडीला पळाला. मी मागनं हाक मारत राहिले. मला वाटलं, टाके दुखत असतील.

पुढचं मला त्यानं आठ दिवसांनी सांगितलं. अंक त्याच्या आधी गावात पोचला होता. त्याच गावचा एक विद्यार्थी आमच्याकडे पहिल्या वर्षाला होता. त्यानं अभिमानानं तो ग्रामपंचायतीच्या वाचनालयात नेऊन ठेवला, आपल्या गावचं नाव छापून आलंय म्हणून. शाळेच्या नव्या मास्तरांनी तितक्याच अभिमानानं तो चारचौघांत वाचून दाखवला. शेवटची ओळ वाचली तेव्हा हवालदार कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते. गाव हसला. कुणीतरी विचारलं, काय हवालदार, आज कितवा शब्द? हवालदार उठले, मास्तरांच्या हातातनं अंक मागून घेतला, घडी न मोडता घरी नेला.

घरी त्यांनी बायकोला अंगणात उभं केलं. अंक डाव्या हातात धरला. पहिला शब्द वाचला, आणि तो करून दाखवला. मग दुसरा वाचला. फौजेत कवायतीला पुकारतात तसं, शब्द आधी, मार नंतर. शेजारपाजार दारात गोळा झाला, पण हवालदाराला अडवायची छाती कुणाची होईना. सतराव्या शब्दाला तिचा उजवा हात मनगटात मोडला. ते थांबले नाहीत. पान उलटायला थांबले तेवढेच. विसाव्याच्या पुढं ती पडली आणि भावकीतल्या दोघांनी शेवटी हवालदाराचे दंड धरले. पोरगा पोचला तेव्हा अंक अंगणातच पडला होता, कोंबड्या त्यावरून चालत होत्या. त्यानं बापाला मारलं. हे सांगताना त्याचा आवाज पहिल्यांदा फाटला. कोणत्या शब्दानं मारलं ते मात्र त्यानं मला सांगितलं नाही.

आईला त्यानं सांगलीच्या सरकारी दवाखान्यात आणलं होतं. मी सकाळी भेटीच्या वेळेला गेले. जाताना रस्त्यात मनातल्या मनात हवालदाराला मी किती प्रकारे मारला, सांगत नाही. त्याच्या लेकाच्याच यादीतले शब्द वापरले सगळे.

ती खाटेवर उठून बसली होती. हात प्लास्टरमध्ये, एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला. माझ्या आईच्याच वयाची. मी मावशी म्हणाले आणि तशीच उभी राहिले. तिनंच डाव्या हातानं मला खाटेच्या कडेला बसवलं. मग लेकाकडे वळून म्हणाली, वही दाव, माझं नाव कुठं लिवलं हुतंस ते बगू दे. तिला अक्षर येत नव्हतं. त्यानं वही काढली, शेवटचं पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं आणि बोट ठेवून दाखवलं. तिनं तिथं आपलं बोट ठेवलं. नावावरनं बोट सरकवत गेली आणि थबकली.

“हे तांबडं कशाचं?”

लेक खिडकीबाहेर बघायला लागला. मीच सांगितलं. म्हटलं, ते मी खोडलं, मावशी. तुमचं नाव कुणाला कळू नये म्हणून खोडलं.

ती माझ्याकडे एका डोळ्यानं बघत राहिली. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. “आगं पोरी,” ती म्हणाली, “माझं नाव ऱ्हाऊ दिलं आसतंस तर कुणाला कळलं आसतं? त्या गावात माझं नाव कुणाला ठावं हाय?”

मी आयुष्यात मार खाल्ला नव्हता असं नाही. पण तसली मुस्काटात मला पुन्हा कुणी दिली नाही. लग्नात हवालदारांनी नाव बदललं होतं, सासूनं तेही वापरलं नाही, आधी सून, मग फलाण्याची आई, मग हवालदारीण. माहेरचं नाव सासरी तेवीस वर्षांत कुणी, हवालदारांनीसुद्धा, घेतलंच नव्हतं. लेकानं नियमासाठी विचारलं तेव्हा ती म्हणे पहिल्यांदा हसली, मग सांगितलं. दोघांनी मिळून ठरवलं होतं की हे नाव घालायचं, कारण याच्यामागं कुणी तिला शोधणार नाही. त्या एका नावात ती सुरक्षित होती, आणि मी, स्वतः बाई असून, अभ्यासाची पोरगी असून, तिला लपवायचं म्हणून नवऱ्याच्या हुद्द्याखाली नेऊन उभी केली. माझ्या डोक्यात बाईचं नाव म्हणजे उघडं आणि नवऱ्याचं नाव म्हणजे पांघरूण, असं कुठून तरी बसलं होतं. साताऱ्यात बसलं असेल, आणखी कुठं. मी तिथं, दवाखान्यात, सगळ्या खाटांच्या देखत रडले. तीच माझी पाठ थोपटत होती, डाव्या हातानं.

पुढं ती गावी परतली नाही. हात जुळला, वाकडा जुळला. भाऊ येऊन तिला माहेरी, लोणंदला घेऊन गेला. हवालदार एकदा न्यायला गेले, भावानं काठी घेऊन वाटेवरूनच परतवले म्हणून ऐकलं.

मला काहीतरी केल्याशिवाय चैन पडेना. छापखान्यात जाऊन मी म्हाताऱ्यांना म्हटलं, शुद्धिपत्र छापायचंय. पान अमुक, शेवटची ओळ, ‘हवालदारीण’ याऐवजी, आणि पुढं तिचं नाव. त्यांनी वाचलं आणि ठळक टाइपात जुळवलं. त्याआधी मी लेकाकडनं तिला विचारून घेतलं होतं. ह्या वेळी विचारलं. आता छाप म्हण, असा तिचा निरोप आला. उरलेल्या प्रत्येक अंकात ती चिठ्ठी मी माझ्या हातानं खळ लावून चिकटवली. नाव मी इथं लिहीत नाही. आता ते कुणापासून लपवायचं नाही, पण ते कुठं यावं हे ठरवायचा हक्क तिचा, आणि आज इतक्या वर्षांनी तिला विचारायला ती नाही.

चिकटवलेला पहिला अंक घेऊन मी त्या वर्षी परीक्षेनंतर साताऱ्याला घरी आले, आणि दुसऱ्याच दिवशी लोणंदला गेले. पत्ता धड नव्हता. स्टेशनाबाहेर चहाची गाडी होती. चहावाला म्हातारा माणूस, पातेल्यात आलं ठेचून टाकत होता. मी त्याला नुसतं तिचं नाव सांगितलं, माहेरचं, एकटं. माझीच जीभ अडखळली, पुढं कुणाची कोण ते सांगायची सवय लागलेली.

त्यानं कुणाची कोण म्हणून विचारलंच नाही. ठेचणं न थांबवता म्हणाला, व्हय, हाय की, त्या बाभळीपल्याडलं घर, आत्ताच पाणी घिऊन गेली.